शेवटची ओळ खरी

कॉन्फिग फाइलीत एकच सेटिंग दोनदा लिहिलं तर कुठलं चालतं? गिट शेवटची ओळ खरी मानतो. एसएसएच पहिलीला धरून बसतो, खाली काहीही लिहा. टॉमल तर अख्खी फाइलच परत फेकतो. जेसनचं मानक सांगतं की नावं वेगळी असावीत. नसली तर काय होईल याचा भरवसा नाही. हे उत्तर खास आपल्याकडच्या सरकारी खिडकीतलं वाटतं.

आमच्या जिल्ह्याची फाइल त्याच जातीची. वरची ओळ निजामशाहीतली, 'अहमदनगर'. खालची, 'अहिल्यानगर', ३१ मे २०२३ला चौंडीत जाहीर झाली, तिला मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ऑक्टोबरात केंद्राचीही. वरची खोडायचं काम मात्र ज्याच्या-त्याच्या सवडीनं. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली, तेव्हा अहिल्यानगरच्या मतदारांनी रांगेत उभं राहून मत दिलं ते 'अहमदनगर शहर' मतदारसंघात. परिसीमनाची फाइल वेगळी, तिला आपली ओळ ऐकूच जात नाही.

कोलकात्याचं नाव २००१मध्ये बदललं. संगणकांच्या टाइमझोन यादीत 'एशिया/कलकत्ता' अजून चालतं, गुपचूप नव्या नावाकडे वळवलेलं. एवढी साधी सोय आमच्या ऑनलाइन अर्जांना जमत नाही. एका अर्जाच्या यादीत दोन्ही जिल्हे होते. नवा निवडला तर तालुक्यांची यादी रिकामी. जुना निवडला तर सगळे तालुके हजर, पण शेवटी लाल अक्षरात, 'पत्ता आधारशी जुळत नाही.'

एसटीचा कंडक्टर 'नगर, नगर' ओरडतो आणि गाडी भरते.