सूत्रधार रजेवर

1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हा गोष्ट सांगण्याचा मक्ता त्यांनी एकट्या सूत्रधाराकडे ठेवला होता. मागं टाळ-मृदंगवाले घेऊन तो उभा राहायचा आणि पदं म्हणायचा. पात्रांनी त्या पदांवर हातवारे करायचे, नाचायचं आणि पद संपलं की त्याच्याच आशयाचं काहीतरी आपापल्या वकुबाप्रमाणं बोलून मोकळं व्हायचं. लिहिलेला मजकूर काय तो सूत्रधाराचा, बाकी सगळं आयत्या वेळचं. राक्षसांचं काम तर त्याहून सोपं. राळेचा भडका उडाला की ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत यायचं, तलवार फिरवायची आणि मरायचं. तुम्हाला सीता का हवी आहे, असं त्यांना कुणी विचारत नव्हतं. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या दरबारात बसलेल्या मंडळींनाही तो प्रश्न पडला नसावा.

ही व्यवस्था फार सोयीची होती. सूत्रधार ज्याला देव म्हणेल तो देव, ज्याला राक्षस म्हणेल तो राक्षस. प्रेक्षकाला डोक्याला ताप नाही. आजही 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन येतो, सांगलीत भाव्यांच्या नावानं गौरवपदक दिलं जातं. त्या दिवशी मला नटांच्या आधी हा सूत्रधार आठवतो. इतका भाबडा विश्वास पुढं कुठल्याच निवेदकाच्या वाट्याला आला नाही.

गंमत अशी, की त्याची मक्तेदारी मोडून काढणारी दोन ठळक माणसंही याच मुलखातली निघाली.

पहिले गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर. जन्म 1919 सालचा, शेटफळ्याचा. गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा औंध संस्थानात होतं. शिक्षणासाठी ते औंधाला राहिले, ते गाव आज सातारा जिल्ह्यात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे एक अजब प्रकरण होतं. सूर्यनमस्कार घालणारे आणि सगळ्या प्रजेला घालायला लावणारे, स्वतः चित्रं काढणारे, स्वतः कीर्तन करणारे. रामायणावर त्यांनी चित्रमालिका केली. म्हणजे त्या संस्थानात राजाही तोच, चित्रकारही तोच आणि कथेकरीही तोच. एवढे सगळे मक्ते एका हातात असताना या गृहस्थांनी 1939 साली नवी राज्यघटना आणून कारभार गावोगावच्या पंचायतींकडे सोपवला. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची बिनभिंतींची वसाहतही झाली आणि तिच्यावरून पुढं गदिमांनीच ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली. राजानं सत्ता वाटून टाकली आणि त्याच्या राज्यात वाढलेल्या पोरानं पुढं रामायणाचं निवेदन वाटून टाकलं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असा माझा दावा नाही. पण तसा तो असावा, असं मला फार वाटतं.

‘गीतरामायण’ 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललं. बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या चालींवर 56 गाणी. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, असं सांगतात. या भक्तिभावात एक गोष्ट सहज निसटते : यातली बरीचशी गाणी एकेक पात्र स्वतःच्या तोंडानं गातं. दशरथ गातो, कौसल्या गाते. कैकेयीलाही आपली बाजू मांडायला एक गाणं आहे, मग पुढं भरताला तिला खडसावायला एक. निषादाला आहे, शबरीला आहे, जटायूला आहे. शूर्पणखेला तर दोन आहेत! पहिल्यात ती रामावर भाळलेली, दुसऱ्यात भावाकडं सूड मागणारी. नाक-कान गेलेली बाई आपण आयुष्यभर चित्रातच पाहिलेली असते. ती दोनदा गाते आणि दोन्ही वेळा सुरात गाते, हे कळलं की जरा अवघडायला होतं. भाव्यांच्या राक्षसांना जे मिळालं नव्हतं ते तिला मिळालं. झोपेतून उठवलेल्या कुंभकर्णालासुद्धा एक गाणं आहे.

ज्याला नाही तो रावण. 56 गाण्यांत रावणाच्या तोंडी एकही नाही. सीता त्याला सुनावते, राम त्याला निरोप धाडतो, बहीण त्याला चिथावते; तो स्वतः मात्र मुका. आणि म्हणूनच, ‘गीतरामायण’ पाठ असलेल्या घरांत रावणाबद्दल कुणाचं मन द्रवल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट रामाला भरपूर गाणी आहेत. तो भरताला समजावतो, सीतेसाठी रानभर विलाप करतो, वालीला का मारलं याचं स्पष्टीकरणही देतो. स्पष्टीकरण देणारा देव हा थोडा आपल्यातलाच होतो. मग शेवटाकडे, रानात सोडलेली सीता लक्ष्मणाला विचारते की आता जायचं कुठं. त्यानंतरच्या गाण्यात तरी राम उत्तर देईल म्हणून आपण कान टवकारतो, तर ते गाणं आहे वाल्मीकींचं, आणि ते रामायण कसं गायचं हे पोरांना शिकवतायत! आणि ती पोरं, कुश-लव, पहिल्याच गाण्यात बापासमोर बसून बापाची गोष्ट गाऊन मोकळी झालेली असतात. आईच्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या बापासमोर त्याचंच चरित्र गाणाऱ्या मुलांच्या मनात काय चाललं असेल, हे गदिमांनी आपल्यावर सोडलं आहे.

दुसरे वि. स. खांडेकर. 1898 साली सांगलीतच जन्मले. 1959 साली त्यांची ‘ययाति’ आली, 1974 साली तिला मराठीतला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. महाभारतात ही गोष्ट वैशंपायन जनमेजयाला सांगतात, म्हणजे पुन्हा सूत्रधारच. खांडेकरांनी त्याला रजा दिली आणि तिघांना बोलायला बसवलं : ययाती, देवयानी, शर्मिष्ठा. आळीपाळीनं.

आमच्या घरात याचा जो परिणाम झाला तो ज्ञानपीठाच्या परीक्षकांना माहीत असता, तर त्यांनी आत्यालाही एखादं ताम्रपत्र दिलं असतं. तोवर आमच्याकडं देवयानी वाईट, हे ठरलेलं होतं. फणकारणाऱ्या मुलीला ‘आली देवयानी’ म्हणायची रीत होती. कऱ्हाडच्या आत्यानं वाचनालयातून कादंबरी आणली, माजघरात बसून वाचली आणि देवयानीची पहिली काही पानं संपताच चष्मा काढून जाहीर केलं, “ह्या पोरीचं काहीएक चुकलेलं नाही.”

काका उसळले. “आक्का, अगं तिनं राजाच्या मुलीला दासी केली! जन्मभराची!”

“का केली ते बघ की. वाऱ्यानं कपड्यांची सरमिसळ झाली, तिनं हिचं लुगडं नेसलं, वर बापाचा उद्धार केला आणि विहिरीत ढकलून घरी निघून गेली. विहिरीतनं वर आलेल्या पोरीनं काय गावात पेढे वाटायचे?”

“पण कचानं तिला किती समजावलं…”

“कच!” आत्या म्हणाली. देवयानीला नाकारून गेलेल्या त्या ऋषिपुत्राचं दोनच अक्षरांचं नाव तिच्या तोंडून जास्तीच्या ‘च’सकट आलं.

आठवड्याभरानं आत्या शर्मिष्ठेच्या प्रकरणांपर्यंत पोचली आणि गप्प झाली. देवयानीची वकिली थांबली असं नाही, पण तारखा लांबत गेल्या. पुढं तर ती म्हणायला लागली की, विहीर एकच, पण दोघींनाही आपणच आत पडलो असं वाटतंय, आणि दोघींचं खरं आहे. काकांची युक्ती वेगळी होती. त्यांनी पहिल्या दिवसापासून ययातीची बाजू घेतलेली. देवयानीचं प्रकरण आलं की ते पानं उलटून पुढं जायचे. पण गोची अशी झाली की ययाती जितका बोलत गेला तितका काकांचा अशील गाळात रुतत गेला. प्रत्येक चुकीला त्याच्याकडं कारण होतं. लहानपण, बाप, भाऊ, मृत्यूचं भय. कारणांची ही रास पाहून आत्या एवढंच म्हणाली, “इतकं बोलायला नको होतं त्यानं.”

म्हणजे बोलायला मिळालं की निर्दोष सुटका होते, असा काही नियम नाही. कैकेयीला गाणं मिळालं म्हणून तिच्या नावानं कुणी मुलीचं बारसं केलं नाही. नवा निवेदक पात्राला बदलत नाही, त्याचं काम एवढंच असतं की आपली बसायची जागा हलवायची. तीच विहीर काठावरून वेगळी दिसते, तळातून वेगळी. आणि एकदा तळातून पाहिलं की काठावरून सांगणाऱ्याचं पूर्वीसारखं पटत नाही. खरं नुकसान होतं ते जुन्या सूत्रधाराचं. तो नुसता सांगतोय असं आपल्याला वाटत होतं. तोही एका बाजूला उभा होता, हे आता लक्षात येतं.

मग कर्नाटकातून गिरीश कर्नाडांचं ‘ययाति’ नाटक आलं, 1961 सालचं. त्यात बापाचं म्हातारपण अंगावर घेणाऱ्या पुरूची बायको, चित्रलेखा, आपलं काय झालं ते विचारायला उभी राहते. पितृभक्तीचा एवढा गौरव झाला, पण त्या घरात एक सूनही आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. 1967 साली शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णासाठी साक्षीदारांची रांगच लागली. कर्ण स्वतः, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, अगदी कृष्णसुद्धा. अर्जुनाला तेवढं बोलावलं नाही, आणि मराठी घरांत अर्जुनाचा भाव तेव्हा जो उतरला तो अजून वर आलेला नाही.

या सगळ्यांत मला खांडेकरांच्या कचाचं फार कौतुक वाटतं. ‘ययाति’त तिघं स्वतः बोलतात, कचाला स्वतंत्र प्रकरण नाही. तो दिसतो तो इतरांच्या डोळ्यांनी, म्हणून शेवटपर्यंत निष्कलंक राहतो. गदिमांच्या रावणाची तऱ्हा हीच, फक्त उलट्या बाजूनं. जो बोलतो तो माणूस होतो. जो गप्प राहतो तो एक तर देव होतो, नाही तर राक्षस.

हा सिद्धांत मी एकदा जेवायला बसलेलो असताना घरात मांडला. काकांना तो फारच आवडला. गेली कित्येक वर्षं ते प्रत्येक लग्नात आपल्या वाटणीच्या वेळची हकिगत सांगतात आणि दरवेळी त्यांची थोडी अडचणच होते. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, की यापुढं आपण त्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही. आपोआप कच होऊ.

काकूंनी त्यांच्या ताटात भाकरीचा चतकोर टाकला. म्हणाल्या, “बसा गप्प. पण कच व्हायचं का रावण, ते सांगणारी मी असणार.”

काकांनी लगेच हकिगत सुरू केली.