पट्टाधारी कुटुंबाचे गृहशास्त्र

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गीय कुटुंबाविषयी अभ्यासकांनी कुळाचार, वाटण्या, सासू-सून संबंध अशा अनेक अंगांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु ज्या घरातले थोरले अपत्य कराटेला, वडील जिमला, आई झुंबाला आणि आजोबा पहाटेच्या सूर्यनमस्कारांना वाहिलेले असतात, त्या घराने आपला दिवस कसा पार पाडावा याबाबत शास्त्रोक्त मार्गदर्शन कोठेही मिळत नाही. प्रस्तुत विवेचनाचा हेतू ही उणीव अंशतः भरून काढण्याचा आहे. अंशतः म्हणण्याचे कारण असे की, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या काळात अशा घरात नेमके काय घडते, हे घरातल्या कोणाही एकाला संपूर्णपणे ठाऊक नसते.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञा आरंभीच ठरवून घेणे इष्ट. ज्याच्या नावे कोणत्याही वर्गाची फी भरली गेली आहे त्याला 'साधक' म्हणावे. तो वर्गाला जातो की नाही हा प्रश्न गौण आहे, कारण जानेवारीत वर्षाचे पैसे भरून होळीनंतर जिमकडे न फिरकलेला गृहस्थही 'जिमला जातो' हे क्रियापद वर्तमानकाळातच चालवतो. ज्याच्या कमरेला कोणताही पट्टा नाही, परंतु ज्याच्यावाचून घरातला एकही पट्टा वर्गापर्यंत पोहोचत नाही, त्याला 'निष्पट्ट' म्हणावे. निष्पट्ट सदस्य बहुधा आई असते, काही घरांत आजी आणि क्वचित, म्हणजे नोंद घेण्यापुरते, वडील. आई स्वतः साधक असली तरी या वर्गीकरणात फरक पडत नाही, कारण कोलंबियाच्या बेतो पेरेझ यांनी रूढ केलेल्या झुंबात परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही आणि पट्टाही नाही. परिणामी पाहुण्यांना दाखवण्यासारखे तिच्याजवळ काहीच जमत नाही.

पट्ट्यांची व्यवस्था समजून घेतल्याशिवाय नातेवाइकांना सामोरे जाऊ नये. ही व्यवस्था मूळची कराटेची नव्हे. १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही संस्था स्थापून ज्युदोला आकार देणारे जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक होते, त्यांनी शिष्यांची प्रगती मोजण्यासाठी जी श्रेणीपद्धती लावली तीच पुढे कराटेने उचलली. काळ्या पट्ट्याच्या अलीकडच्या श्रेणींना 'क्यू' आणि काळ्या पट्ट्यापासून पुढच्यांना 'दान' म्हणतात, आणि यातले क्यू उलटे मोजले जात असल्यामुळे आठव्यावरून सातव्यावर आलेले मूल प्रत्यक्षात वर चढलेले असते. हा तपशील मावशीला फोनवर सांगण्याचा प्रयत्न करू नये, कारण इयत्तांच्या हिशेबात वाढलेल्या कोणत्याही मावशीचा पुढचा प्रश्न 'म्हणजे खाली बसवला का गं त्याला?' हाच असतो. तिला केवळ रंग सांगावा. रंगांचा क्रम संस्थेगणिक बदलतो ही गोष्ट येथे उपकारकच ठरते, कारण त्यामुळे नारिंगी मोठा की हिरवा यावर कोणाही काकांना अधिकारवाणीने बोलता येत नाही.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे धुण्याकडे वळावे. कराटेच्या गणवेशाला 'गी' म्हणतात आणि तो जाड, पांढऱ्या सुती कापडाचा असतो. हे कापड ठरवताना डोंबिवलीच्या जुलै महिन्याचा विचार झालेला दिसत नाही. वर्ग एक दिवसाआड असतो आणि पावसाळ्यात गणवेश वाळायला दोन दिवस लागतात, यातली विसंगती साध्या वजाबाकीने लक्षात येते. सोमवारी रात्री गॅलरीतल्या दोरीवर टाकलेला सदरा मंगळवारी हॉलमधल्या पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर येतो, बुधवारी दुपारी त्याची पाठ व बाह्या वाळतात, मात्र गळपट्टी, जिच्यात कापडाचे कित्येक थर एकावर एक शिवलेले असतात, ती शेवटपर्यंत ओली राहते, आणि सव्वापाच वाजता तिच्यावर इस्त्री दाबली की निघणारी वाफ व तिच्यासोबत येणारा कुबट वास हाच त्या घरातला वर्गाला निघण्याचा संकेत असतो. दुसरा गणवेश घेणे हा उपाय वरकरणी सोपा वाटतो, परंतु पहिलाच वाढत्या अंगाचा म्हणून दोन मापे मोठा घेतलेला असल्याने, तो मापात येईपर्यंत दुसऱ्याचा विषय घरात काढता येत नाही. गणेशोत्सवात सोसायटीचा हॉल मंडपाकडे जातो आणि वर्ग पार्किंगमध्ये भरतो. त्या दिवसांत गुडघ्यांवर येणारे इंजिन ऑइलचे डाग अनंत चतुर्दशीनंतरही विसर्जित होत नाहीत.

पट्टा मात्र धुवायचा नसतो. त्यात साधकाच्या सरावाचा घाम मुरलेला असतो आणि तो धुणे म्हणजे ती कमाई धुऊन टाकणे, अशी समजूत बहुतेक वर्गांत प्रचलित आहे. निष्पट्ट सदस्याने या समजुतीच्या उगमाच्या चर्चेत शिरू नये, कारण नवा निळा पट्टा चुकून मशीनमध्ये गेला तर गणवेश कायमचा नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा दिसतो, हे व्यावहारिक कारण तिला पुरेसे आहे. पट्टा कमरेभोवती दोनदा फिरवून पुढे सपाट गाठ मारायची असते आणि दोन्ही टोके समान लांबीची यावी लागतात. आजोबा ती गाठ लंगोटाची मारतात, वडील टायची मारतात, आणि दोन्ही गाठी अंग गरम करण्याच्या व्यायामातच सुटतात. म्हणून पट्टा पिशवीत न बांधताच द्यावा आणि तो पिशवीत आहे याची खातरजमा आदल्या रात्री करावी, कारण वर्गाच्या दहा मिनिटे आधी तो धाकट्याच्या सायकलला मागून ट्रेलर जोडण्याच्या कामी आलेला आढळतो.

घरच्या सरावाचे शास्त्र वेगळे आहे. कराटेचे शिक्षण किहोन म्हणजे मूलभूत हालचाली, कुमिते म्हणजे जोडीदारासोबतची लढत आणि काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी ठरलेल्या क्रमाने केलेली लढत, अशा तीन भागांत चालते, आणि यांपैकी घरी करण्याजोगा भाग काता असे सर सांगतात. शोतोकान पद्धतीत आरंभी शिकवल्या जाणाऱ्या हेइआन शोदान या कात्यात २१ हालचाली व दोन 'कियाई', म्हणजे पोटातून काढलेल्या आरोळ्या, असतात. हेइआन मालिका ओकिनावातील अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळकरी मुलांना डोळ्यांपुढे ठेवून तयार केली. मुले शाळेची होती तशी पटांगणेही शाळेची होती, आणि वन बीएचकेतला हॉल त्या हिशेबात कोठेच बसत नाही. या कात्यात पुढे सरकत तीन वेळा हात डोक्यावर नेऊन वार अडवायचा असतो आणि तिसऱ्या वेळी कियाई द्यायची असते. सोफ्याला पाठ लावून सुरुवात केली तर नेमकी हीच तिसरी अडवणूक टीव्हीसमोर येते, आणि त्या क्षणी मालिकेत कोणाचे तरी लग्न मोडत असल्याने आजी उठून जागा देत नाहीत. टीपॉय आधी उचलून ठेवावा. कुकरची शिट्टी व कियाई एकाच वेळी होऊ देऊ नयेत, कारण किती शिट्ट्या झाल्या याचा हिशेब एकदा चुकला की वरण करपते आणि त्याचे खापर जपानवर फुटते. खालच्या मजल्यावरील कुटुंबाला पट्टा मिळाल्याचे पेढे सर्वांत आधी द्यावेत.

कुमितेच्या बाबतीत, ओकिनावाहून १९२२ मध्ये तोक्योला प्रात्यक्षिकासाठी गेलेले आणि पुढे तिथेच कराटे रुजवणारे गिचिन फुनाकोशी यांच्या शिकवणीतले एक तत्त्व घरोघरी पोहोचले आहे. कराटेत पहिला वार नसतो, असे ते तत्त्व सांगते. त्याचा घरगुती परिणाम अपेक्षेच्या नेमका उलट होतो, कारण दोन्ही भावंडे ते तत्त्व मनापासून मान्य करतात आणि त्यामुळे घरातला कोणताही हल्ला हा हल्लाच उरत नाही. थोरल्याने मारलेली लाथ हा धाकट्याने जीभ दाखवल्याविरुद्धचा बचाव असतो, जीभ हा रिमोट हिसकावल्याविरुद्धचा बचाव असतो, आणि ही साखळी मागे मागे नेत गेल्यास ती मे महिन्यात आजोळी शेवटचा आंबा कोणी खाल्ला येथे जाऊन थांबते. अशा वेळी निवाडा करू नये. वर्गात सराव थांबवण्यासाठी 'यामे' असा आदेश असतो, परंतु तो पालकाने दिल्यास त्याची अंमलबजावणी होत नाही. 'सरांना फोन लावू का?' या वाक्याने मात्र होते. वर्गात एका इशाऱ्याला 'ओस' म्हणून ताठ उभे राहणारे आणि चपला ओळीत लावणारे मूल घरी तिसऱ्या हाकेला 'हं' म्हणते व त्याची एक चपल दारात उताणी पडलेली असते, याचे स्पष्टीकरण अद्याप कोणत्याही पद्धतीच्या कराटेला देता आलेले नाही.

आजोबांचा प्रश्न नाजूक आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे जीवितकार्य मानले होते, आणि शाळेत नमस्कार घातलेल्या पिढीला व्यायामासाठी महिन्याला पैसे मोजण्याची कल्पना आजही पचलेली नाही. रात्री जेवताना आजोबांनी मल्लखांबाचे प्रवर्तक बाळंभटदादा देवधर यांच्यापासून सुरुवात केली, की ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी दाखवलेल्या प्रात्यक्षिकांवरून खाशाबा जाधवांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या कांस्यपदकापर्यंत येतात, आणि तोवर आमटी गार झालेली असते. त्यांना प्रतिवाद करू नये, कारण त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आजींची मंगळागौर तर या सर्वांहून कठीण होती, रात्र रात्र फुगड्या व झिम्मा घालून सकाळी त्या बायका चुलीपाशी हजर असत. पण तो व्यायाम होता असे त्यांना तेव्हा कोणी सांगितले नाही, त्यामुळे त्याचा लाभ झाला की नाही याची नोंद नाही.

आहाराबाबत थोडक्यात एवढेच, की वडिलांनी आणलेला प्रोटीन पावडरचा डबा रिकामा होण्याची वाट पाहू नये; त्यातली पावडर वर्ष झाले तरी संपत नाही, डबा मात्र उत्तम झाकणाचा असल्यामुळे त्यात बेसन चांगले राहते. मुलाला वर्गानंतर गूळ-शेंगदाण्याचा लाडू द्यावा.

वेळेच्या वाटपाचा विषय उरतो, आणि येथे प्रस्तुत मार्गदर्शिका थोडी कठोर होऊ इच्छिते. घरातल्या सर्व वर्गांपैकी इतरांच्या सोयीसाठी रद्द होणारा वर्ग नेहमी एकच असतो आणि तो झुंबाचा असतो. कराटेची परीक्षा असते, जिमचे पैसे भरलेले असतात, सूर्यनमस्कारांना सूर्य ठरलेला असतो. झुंबा 'आज नाही गेलीस तर चालेल ना' या वाक्यापुढे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेची शारीरिक हालचाल सुचवते आणि घरकामातली मेहनतही त्यात धरते, या आधारावर 'तुझा व्यायाम घरातच होतो की' असा युक्तिवाद करण्यात येतो. तो शास्त्राला धरून आहे. म्हणूनच तो करणाऱ्याने आपली मिनिटेही त्याच मार्गाने भरून काढावीत. गणवेश पिळणे हा मनगटांसाठी उत्तम व्यायाम आहे आणि त्याला जिमचे कार्ड लागत नाही. वेळापत्रक फ्रिजवर लावताना त्यात पहिली ओळ निष्पट्ट सदस्याच्या वर्गाची लिहावी, शाईने लिहावी, आणि बाकीच्यांचे वर्ग उरलेल्या जागेत बसवावेत.

हा सारा उद्योग किती वर्षे चालतो, असे विचारले जाईल. सहाव्या-सातव्या वर्षी सुरू झालेले मूल पट्ट्यामागून पट्टे घेत तपकिरीपर्यंत येते आणि नेमकी तेथेच त्याला दहावी गाठते. मान्यताप्राप्त खेळात ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात खरे, परंतु गणिताचे शिकवणीवर्गही संध्याकाळी साडेपाचलाच असतात. काळा पट्टा त्यामुळे अनेक घरांत पोहोचत नाही. गणवेश धाकट्याकडे येतो, तोही दोन मापे मोठाच होतो, आणि पट्टा मात्र पुन्हा पांढऱ्यापासून सुरू करावा लागतो. धाकट्याचा प्रवेश घेताना एक गोष्ट कार्यालयात आधीच विचारून घ्यावी : पट्टापरीक्षेचे शुल्क मासिक फीत धरलेले नसते.