आजोबा घरी, नातू गोव्याला

सकाळच्या लोकलला लगेजच्या डब्यातल्या मावशींनी मला खाली उतरवलं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

या डब्याशी माझं नातं जुनं आहे. माझ्याकडे एक डबल बास आहे. घरात त्याला आजोबा म्हणतात. उंची सहा फूट, वजन दहा किलोंच्या वर, आणि साइझ विचाराल तर ‘थ्री-फोर्थ’. डबल बासच्या जगात बहुतेक सगळे पाऊण मापाचंच वाद्य वाजवतात. पूर्ण मापाचं क्वचित कुठे दिसतं. मी पाच फूट चार इंच. या पाऊण आजोबांना मिठी मारून मी उभा राहिलो की लांबून तेच मला वाजवताहेत असं दिसतं, हे बायकोचं मत. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये रेकॉर्डिंगला वाजवून निवृत्त झालेल्या एका गोवेकर म्युझिशियनकडून मी ते विकत घेतले. देताना त्यांनी बासकडे पाहिलंही नाही. मला मात्र मुलगी द्यायची असल्यासारखं न्याहाळलं.

आजोबांना लोकलमध्ये मान होता. डोंबिवलीला चढलो की पाट्या आपोआप सरकायच्या. “आण, आण, सुरमई आण तुझी,” म्हणत कोळणी मावश्या कोपरा मोकळा करून द्यायच्या. एकदा सणाच्या दिवशी त्यांच्यातल्या एकीने आजोबांच्या खोळीला अबोलीची वेणीसुद्धा अडकवली होती.

तर त्या दिवशी मी माझा नवा ट्रॅव्हल बास घेऊन चढलो. मावशींनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. “एवढंसं घेऊन हितं कशाला? मान्सांच्या डब्यात जा की.” मी माणसांच्या डब्याकडे धावलो. तिथल्या दाराशी लटकलेला सभ्य गृहस्थ म्हणाला, “साहेब, मागे लगेजचा डबा आहे ना!” गाडी गेली. वाद्य लहान झाल्यावर मला कुठेच जागा उरली नव्हती.

हे धाकटं धूड मी का घेतलं, तेही सांगतो. हल्ली मिळतात त्या गिग लहान. कॅफेतला कोपरा, कुणाच्या तरी गच्चीवरचा वाढदिवस, वीस माणसांचं रेस्टॉरंट. तिथे आजोबांना नेलं की त्यांच्यासाठी टॅक्सी, टॅक्सीची पुढची सीट आडवी, आणि मिळालेल्या पाकिटातला निम्मा भाग टॅक्सीवाल्याचा. “मग सरळ ती पट्ट्याची बास गिटार का नाही घेत?” बायकोने विचारलं. प्रश्न रास्त होता. १९५१ साली लिओ फेंडरने इलेक्ट्रिक बास बाजारात आणला आणि धुडं ओढून कंबरडं मोडलेले कितीतरी वादक सुटले. पण उभ्या बासचा सूर ‘धुम्’ करून उमलतो आणि लगेच मावळतो. मला त्या मावळण्याचं व्यसन आहे. गिटारचा सूर पाहुण्यासारखा, निघतो म्हणून पुन्हा बसतो.

म्हणून हा मधला मार्ग, आजोबांचा नातू. धड अरुंद, चेक देशात घडवलेलं. मान एका बोल्टवर बसवलेली. बोल्ट काढला की मान वेगळी आणि सगळं मामलेदारांच्या दप्तरासारखं एका चौकोनी खोळीत. तारांची लांबी मात्र आजोबांइतकीच, जवळपास १०५ सेंटिमीटर. “बोटांना फरकच कळणार नाही,” असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ते अक्षरशः खरं निघालं. फरक बोटांना नाही, पोटाला कळला.

आजोबा वाजवताना मागची कड कमरेला लागलेली असते, वरचा खांदा बरगडीला. हात कुठे आहे ते डोळ्यांनी बघावं लागत नाही; मान संपून अंगठ्याला खांदा लागला की तिथेच आपला सूर. नातवाला खांदाच नाही. पहिल्या दिवशी माझा हात आत्मविश्वासाने खाली गेला आणि अंधारात पायरी संपल्यावर आणखी एक पायरी शोधणाऱ्या पायासारखा हवेत लोंबकळला. शिवाय तो एका पायावर उभा. कमरेचा आधार नसल्यामुळे जोरात तार ओढली की भोवऱ्यासारखा गरकन फिरतो. घरातल्या पहिल्या रियाजाला मी सूर लावला आणि पुढच्या क्षणी मी बासच्या मागे आणि बास भिंतीकडे तोंड करून. मुलगी म्हणाली, “बाबा, तो रुसला.”

आणि आवाज. एवढ्याशा पोटातून खर्ज कुठून येणार? त्याला पिकअप, पिकअपला प्री-अँप, त्याला अँप्लिफायर. नातू साडेसहा किलोंचा. अँप नऊ किलोंचा. वायरी, स्टँड आणि उंच स्टूल धरून आणखी चार. बायकोने वाण्याच्या बिलामागे बेरीज मांडली आणि कागद माझ्याकडे सरकवला. “आजोबा अकरा, नातू साडेएकोणीस. तुम्ही बँकेतच आहात ना अजून?”

असो. दुसऱ्या लोकलने ठाणं गाठलं आणि मांडवी एक्स्प्रेस पकडली. गोव्यात म्हापशाजवळच्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये त्याच रात्री गिग होती. नातवाला वरच्या बर्थवर आडवं केलं. अँप पायाशी.

समोर एक निवृत्त काका. पनवेलपर्यंत त्यांनी खोळीचं निरीक्षण केलं. “इस्त्रीचं टेबल?” नाही म्हटलं. माणगावला बटाटावडा घेतला आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. “तंबोरा! कुणाकडे शिकता?”

आता डबल बास समजावायचा म्हणजे चिपळूण येतं. मी कंटाळा केला आणि हो म्हणालो. आयुष्यातल्या महागड्या आळसांपैकी हा एक. खेडपर्यंत किराणा घराणं झालं. चिपळूणपर्यंत हल्लीच्या मुलांना षड्ज लागत नाही हे झालं.

“मिरजेचा ना?”

“नाही, परदेशातला.”

“परदेशात तंबोरे करतात?” काका हादरले. “मग जव्हारी कोण काढतं?”

रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटर. एकदा आजोबांना पुण्याला नेलं होतं, तेव्हा घाटातल्या प्रत्येक बोगद्यात ते खोळीतल्या खोळीत घुमायचे. शेजारच्या आजींनी हात जोडले होते. नातवाच्या तारा प्रवासासाठी सैल केलेल्या, त्यामुळे तो गप्प. पण बोगद्याच्या मध्यावर वरून एक आवाज आला: टक्, मग काहीतरी लाकडी गडगडल्यासारखा.

“आत काहीतरी सुटलंय,” काका म्हणाले.

मला कळलं काय सुटलं ते. बासच्या पोटात पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये एक काठी उभी असते. सरस नाही, खिळा नाही. तारांचा दाब फळीवर असतो, त्या दाबावर ती उभी. ती पडली की वाद्याचा आवाज गेला. फ्रेंच आणि इटालियन लोक तिला चक्क ‘आत्मा’ म्हणतात.

“आत्मा पडला असणार,” मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, वर्तमानपत्र उघडलं, आणि कुडाळपर्यंत ते खाली केलं नाही. तिथे उतरताना एवढंच म्हणाले, “गुरू बदला.”

थिवीला उतरून रेस्टॉरंट गाठलं तेव्हा साडेसहा झाले होते. साडेआठला सुरुवात. पियानोवाला आणि गायिका आधीच पोचलेले. मालक भला माणूस; मी लहान बास आणतोय हे ऐकून आनंदाने त्याने आजोबांच्या वाटणीच्या जागेत चार खुर्च्यांचं एक टेबल वाढवलं होतं. मला उरली फ्रिज आणि स्वयंपाकघराचं दार यांच्यामधली दीड फरशी.

खोळ उघडली. आत्मा उभा करायचं वाकडं लोखंडी हत्यार होतं. आत बघायला दाताच्या डॉक्टरकडचा आरसा होता. घोडीची जागा फळीवर पेन्सिलने आखून ठेवलेली होती. नव्हती ती फक्त मानेचा बोल्ट आवळायची ॲलन की. ती डोंबिवलीला जेवणाच्या टेबलावर, विसरू नये म्हणून वर्तमानपत्रावर ठेवलेली होती.

मालक म्हणाला, वळणावर स्कूटरचं गॅरेज आहे. मी धड काखेत आणि मान हातात घेऊन निघालो. संध्याकाळची वेळ, रस्त्यावरचं एक कुत्रं बराच वेळ सोबतीला आलं.

गॅरेजवाल्या पोराने बोल्टात बोट घालून पाहिलं. “पाच नंबर.” पाच बसली नाही. “मग सहा.” सहा बसली. चाकाचा नट आवळावा तसा तो आवळायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. मग मोबाइलचा टॉर्च त्याच्याकडे देऊन मी एफच्या आकाराच्या फटीतून हत्यार आत घातलं. आत्मा चार वेळा उभा राहिला, चार वेळा पडला. पाचव्यांदा पोराने श्वास रोखला, मीही रोखला, आणि काठी टेकली. तारा चढवल्या. एक एक सूर वर नेत गेलो.

गॅरेजच्या बाकावर एक म्हातारा इतका वेळ बिडी ओढत बसला होता. खालची तार लागली तशी त्याने बिडी खाली टाकली.

“रबेकांव!” तो म्हणाला.

डोंबिवली ते थिवी इस्त्रीचं टेबल, तंबोरा आणि आणखी काय काय ऐकल्यावर कुणीतरी पहिल्यांदाच त्याला नावाने ओळखलं होतं. मला गहिवरूनच आलं. जुन्या गोव्यात व्हायोलिनला रबेक म्हणत, आणि त्याचा हा थोरला तो रबेकांव, नाव पोर्तुगीजांचं. चर्चच्या शाळांमधून पोरं सोल्फेज, म्हणजे विलायती सरगम, शिकायची आणि त्यातलीच पुढे मुंबईच्या हॉटेलांत नि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात जायची; माझ्या आजोबांचे मूळ मालक त्यातलेच. गावात क्रुसापाशी लादाईन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, असली की व्हायोलिनच्या मागे रबेकांव उभा असायचा, आणि शेवटी उकडलेले चणे नि फेणी. म्हाताऱ्याचा मामा वाजवायचा. शेताच्या बांधावरून दोघं जण डोक्यावर धरून न्यायचे म्हणे, पुढच्याने पाय घसरला तर मागच्याने शिव्या द्यायच्या.

हे सगळं सांगून झाल्यावर तो उठला, नातवाभोवती एक चक्कर मारली, पाठीवरून हात फिरवला, आणि काळजीने विचारलं,

“बाकीचें खंय आसा?”

मी त्याला रात्री ऐकायला या म्हणालो. पोराने किल्लीचे पैसे घेतले नाहीत; किल्ली मात्र परत घेतली.

गिग सुरू झाली. दमट हवेत तारा दर गाण्यानंतर उतरत होत्या. माझ्या समोरचं वाढीव टेबल इतकं जवळ, की तिथे बसलेल्या एका बाईंनी पर्स अडकवायला हात वर केला तो थेट माझ्या खुंटीपर्यंत. कोळंबीची ताटं घेऊन जाणारा वेटर दर वेळी मानेखालून वाकून जायचा, आणि पहिल्या गाण्यात नातू एकदा गरकन फिरला तेव्हा त्याने सराईतपणे कोपराने तो परत सरळ करून दिला. सगळ्यात अवघड ते आवाजाचं. मी वाजवायचा समोर, सूर यायचा पाठीमागच्या अँपमधून; आपणच वाजवलेला सूर मागून येऊन खांद्यावर टपली मारायचा. खालच्या ईची एक लाट सव्वाआठ मीटर लांब असते. ती खोली तेवढी लांब नव्हती. बिचारा ई निम्मा रस्त्यावर जाऊन मावत असणार.

दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला म्हातारा आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. जागा नव्हती, म्हणून माझ्या मागे, फ्रिजला टेकून उभा राहिला. दोन गाणी ऐकली. मग वाकून त्याने अँपच्या डोक्यावर पंजा ठेवला. मी ई वाजवला. त्याने पंजा तसाच दाबून धरला, आणि माझ्या कानाशी येऊन समाधानाने म्हणाला,

“बाकीचें हांगा आसा.”

मग वेटरकडून फेणीचा ग्लास घेतला आणि तो निर्धास्तपणे त्या अँपवर ठेवला. प्रत्येक ईला त्यात बारीक वर्तुळं उठायची आणि ग्लास अर्धा बोट कडेकडे सरकायचा. उरलेला अर्धा तास मी खालच्या तारेला हात लावला नाही.