सॅकोपंत

डोंबिवलीहून ऐरोली म्हणजे ठाण्याला गाडी बदलून जेमतेम २० किलोमीटर. वाटेत ना घाट, ना जंगल, ना वाघरू. पण सॅकोपंत रोज सकाळी पाठीवर जे घेऊन निघतात, त्यात कैलास-मानसरोवर करून परत येता येईल.

सॅकोपंत हे कुणा एकाचं नाव नव्हे. लोकलच्या प्रत्येक डब्यात, प्रत्येक ऑफिसात आणि लग्नाच्या प्रत्येक बसमध्ये एक सॅकोपंत असतोच. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी आयटीत किंवा आयटीच्या आसपास, आणि पाठीवर ३० लिटरची काळी सॅक. यांच्या वडिलांचं उभं आयुष्य एका ब्रीफकेसमध्ये निघालं. तिच्यात डबा, पेपर आणि विम्याची पावती असायची, आणि कुलपाचा नंबर शून्य-शून्य-शून्य हे अख्ख्या खात्याला ठाऊक असायचं.

सॅकोपंत सॅक विकत घेत नाहीत, तिच्यासाठी स्थळं बघतात. हा कार्यक्रम तीनेक महिने चालतो. पत्रिकेत आधी बघायचं ते डेनिअर. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला चहाच्या वेळी सांगून झालेलं असतं. मग चेन. चेनीच्या रनरवर 'वायकेके' ही अक्षरं हवीतच. १९३४ साली टोकियोत सुरू झालेल्या या कंपनीची सॅकोपंतांना जेवढी माहिती आहे, तेवढी स्वतःच्या पीएफची नाही.

एवढं जमल्यावर एका शनिवारी लॅपटॉप आणि मेजरिंग टेप घेऊन ते दादर पश्चिमेच्या दुकानात जातात.

"ही किती लिटरची?"

"साहेब, पाणी न्यायचंय का?"

सॅकोपंत समजावून सांगतात, की कारखान्यात सॅकमध्ये २० मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे गोळे भरून लिटर मोजतात. दुकानदार शांतपणे आत कोंबलेली रद्दी काढून काउंटरवर ठेवतो. "आमच्याकडे गोळे नाहीत, हे बोळे आहेत. घ्या मोजून."

सॅकोपंतांवर असल्या बोलण्याचा परिणाम होत नाही. १५.६ इंच हे स्क्रीनच्या तिरक्या रेषेचं माप असतं, लॅपटॉपच्या रुंदीचं नव्हे, म्हणून ते स्वतःचा लॅपटॉप आत घालून, चेन लावून, सॅक उलटीपालटी करून बघतात. मग लॅपटॉप काढून त्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घालतात आणि तळ चाचपतात. ही एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून शिकावी अशी आहे. लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या तळापासून दोन बोटं वर संपायला हवा. तसा नसेल, तर सॅक फलाटावर टेकवाल तेव्हा ती टेकणार लॅपटॉपच्या कोपऱ्यावरच. नव्वद टक्के लोक हे न बघता रंग बघतात, असं सॅकोपंतांचं मत आहे. आकडा त्यांचा असला तरी मुद्दा खरा आहे.

छातीवरच्या पट्ट्याच्या बकलात एक बारीकशी शिट्टी असते. डोंगरात हरवलं तर वाजवायची. डोंबिवली स्टेशनात ती वाजवण्याची वेळ अजून आलेली नाही, पण आली तर ती कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस फलाटावर एकच असेल.

भरणं रात्री, जेवणं झाल्यावर. जड सामान पाठीला लागून, हलकं बाहेर, हा नियम. चार्जर, त्याला काही झालं तर दुसरा चार्जर. बिनवायरचा माउस, त्याचे सेल, सेल संपले तर वायरचा माउस. प्रोजेक्टरची जुनी व्हीजीए केबल, जी गेली कित्येक वर्षं कुणी मागितलेली नाही, आणि नेमकी म्हणूनच काढायची नाही. ओआरएसची पाकिटं, आयोडेक्स, सुई-दोरा, आधार कार्डाच्या झेरॉक्स, पासपोर्ट साइजचे फोटो, स्टीलचा चमचा, घडी घातलेली भाजीची पिशवी. सगळं पाऊचमध्ये, पाऊच मोठ्या पाऊचमध्ये. रेल्वेचा पास 'सहज हाताला येईल' अशा कप्प्यात. असे सहज हाताला येणारे कप्पे चार आहेत. टीसी दोन कप्प्यांपर्यंत थांबतो, तिसऱ्याची चेन उघडताना "राहू द्या" म्हणून पुढे सरकतो.

यामागे एक तारीख आहे. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. सॅकोपंत तेव्हा पहिल्या नोकरीवर होते. त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत रिकामा डबा. रात्र ऑफिसच्या जिन्यात गेली. शेजारी बसलेल्या एका वयस्क बाईंनी स्वतःच्या झोळीतून बॅटरी काढली, मग बिस्किटं काढली, मग चादरही काढली. सॅकोपंत चादरीबद्दल अजून बोलतात. म्हणून त्यांची थट्टा करताना मी जरा हात आखडता घेतो. फक्त जरा.

कारण सकाळच्या ठाणे लोकलमध्ये थट्टेला पर्याय नसतो. "ओ, सॅक पुढे घ्या!" अशी हाळी येण्याआधीच पंतांनी ती पुढे घेतलेली असते. त्यामुळे पाठ मोकळी होते, पण पोटावर ३० लिटर येतात आणि समोरच्याला श्वास कुठे सोडावा कळत नाही. रॅक भरलेला असतो, शिवाय तिथे अनोळखी सॅका असतात. "काका, घरी काही ठेवलंय की नाही?" असं एखादा कॉलेजचा पोरगा विचारतो. मुंब्र्याच्या आसपास त्याच पोराच्या चपलेचा अंगठा तुटतो.

अशा वेळी सॅकोपंतांचा चेहरा बघावा. तिसऱ्या कप्प्यातून सेफ्टी पिन निघते, सोबत पायाला लावायला बँडेडही निघतं. अडचण आली की माणसं हबकतात, पंत खुलतात. त्यांना सामान वापरायचं नसतंच मुळी. आपलं काही ना काही बिघडणार आहे, याची त्यांना पक्की खात्री आहे, आणि बिघडेल तेव्हा आपण हजर असावं एवढीच इच्छा.

मे महिन्यात पुण्याहून नागपूरला विमानाने जातानाही हेच. केबिन बॅगला ७ किलोची मर्यादा, म्हणून पंत जॅकेट घालतात आणि दीड किलो खिशांत वळवतात. नागपुरात पारा ४४ वर. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या सामानात १०० वॉट-अवरपर्यंत चालते, हे जवानाने न विचारता त्याला सांगतात. "२०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले हजार, म्हणजे ७४." जवान म्हणतो, "आगे बढ़िए." इतरांना दोन ट्रे पुरतात, पंतांचे पाच निघतात. मागची रांग दुसऱ्या काउंटरला जाते. वहिनी तळहाताएवढी पर्स घेऊन केव्हाच पलीकडे पोचलेल्या असतात, आणि गोळी, पाणी, पेन असं जे लागेल ते त्यांच्या पर्समधून आधी निघतं. या विषयावर घरात बोलणं होत नाही.

घरात बोलणं होतं ते मुलाच्या दप्तराबद्दल. केंद्राच्या २०२० सालच्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जायला नको. पंत दर रविवारी आकड्याच्या काट्यावर दप्तर तोलतात आणि शाळेला पत्रं लिहितात. एका रविवारी पोरानं काटा हातात घेतला आणि बाबाची सॅक अडकवली. ११ किलो. बाबा ६८.

"बाबा, तुझे तर सोळा टक्के झाले."

"मी शाळेत जात नाही," पंत म्हणाले.

गेल्या महिन्यात उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सरळ सांगितलं, ओझं कमी करा आणि दिवसातून दोनदा शेका. पंतांनी ते फारच मनावर घेतलं. आता ४० लिटरच्या, कमरेला पट्टा असलेल्या सॅकांची स्थळं बघणं चालू आहे. त्या पट्ट्यामुळे भार खांद्यावरून निघून कमरेवर येतो म्हणतात. शिवाय शेकायची पिशवी रोज ऑफिसला न्यायची, तर तिला वेगळा कप्पा हवाच.