पाणसळवाले अण्णा

आमच्या सोसायटीत कोणाचं वॉशिंग मशीन कुरकुरायला लागलं की घरच्यांच्या आधी अण्णांना कळतं. "बी विंगमध्ये कोणीतरी एकटी चादर फिरवतंय. गोळा झालाय तिचा," असं ते चहाचा घोट घेताघेता सांगतात. पाचव्या मिनिटाला बी विंगमधून फोन येतो.

अण्णा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. उभा जन्म मायक्रोमीटरवर गेला, त्यामुळे 'जरासं' आणि 'साधारण' हे शब्द त्यांना शिवीसारखे लागतात. मशीन बंद पडलं की बाकीच्यांना कपड्यांची चिंता, अण्णांना कारण हवं. मेकॅनिक आला आणि स्क्रू न फिरवताच "पीसीबी गेलाय" म्हणाला, की त्यांचं डोकं फिरतं. "पूर्वी ज्योतिषी साडेसाती सांगायचे, आता हे पीसीबी सांगतात. उघडून बघायची गरज दोघांनाही नाही!"

आमचं फ्रंट लोडिंग मशीन नवं आलं, ते पहिल्याच धुण्याला चालत बाथरूमच्या दारापर्यंत आलं. बायकोनं अण्णांना हाक मारली. खांद्याला पिशवी, पिशवीत पाने, पक्कड आणि गवंड्याची पाणसळ. मशीनच्या पाठीवर टॉर्च मारून त्यांनी मला वाकायला लावलं.

"हे चार बोल्ट दिसतात? वाटेत ड्रम हलू नये म्हणून घालतात. ते तू काढलेच नाहीस. मिनिटाला १२०० फेरे, म्हणजे सेकंदाला २०. तुला खुर्चीला बांधून नाचायला लावलं तर तू खुर्चीसकट जाशील की नाही?"

मी जाईन म्हणालो.

बोल्ट दहा मिनिटांत निघाले. पाणसळीला पाऊण तास लागला. पुढचा डावा पाय अर्धा आटा वर, मागचा उजवा पाव आटा खाली, परत डावा. बुडबुडा मधोमध आला तसा मी उठायला लागलो. "चेकनट आवळल्याशिवाय उठायचं नाही! आठ दिवसांत पाय परत सैल होतील." शेवटी स्पिन लावून त्यांनी मशीनवर दहाचं नाणं उभं केलं. ते पडलं. परत उभं केलं, परत पडलं. तिसऱ्यांदा पडल्यावर नाण्याचीच कड झिजली आहे असा निकाल लागला.

त्यांच्या स्वतःच्या घरचं मशीन मात्र अखंड असं मी फारसं पाहिलेलं नाही. बहुतेक वेळा त्याची पाठ उघडी, पट्टा खुंटीला आणि काकू मोरीत साबण लावत बसलेल्या. पंपाची जाळी साफ करणं हा तर घरचा सणच. ती जाळी जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर, म्हणजे खाली कुठलंच भांडं जात नाही. परात उंच पडते, थाळी भरून वाहते. अण्णांनी त्यावर केराची सुपली शोधून काढली. ते सुपली भरणार, काकू ती मोरीत रिकामी करणार, अशा वीस-पंचवीस खेपा. मग वाटीतला ऐवज दाखवायला आम्हाला बोलावणं. चाप, शर्टाची दोन बटणं, पाचचं नाणं आणि नातवाचा गेल्या दिवाळीपासून हरवलेला मोजा. "पंप जळाला म्हणून नवा बसवला असता आणि हा मोजा आतच राहिला असता," अण्णा म्हणाले. काकूंनी पाचचं नाणं तेवढं उचललं.

आणखी एक. लोक जे बोल्ट फेकून देतात ते अण्णा जपतात. मशीन हलवायची वेळ आली की ते परत घालावेच लागतात, म्हणून सोसायटीतल्या प्रत्येक मशीनचे बोल्ट त्यांच्याकडे औषधाच्या पाकिटांत आहेत, वर विंग आणि फ्लॅट नंबर. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू नागपूरला निघाले. टेम्पो खाली उभा, हमालांनी मशीन उचललेलं. अण्णा जिन्यातून ओरडतच खाली आले, "ठेवा ते खाली!" मशीन तिथेच पार्किंगमध्ये टेकवलं गेलं, पाना निघाला, पाकीट तळहातावर उपडं झालं.

बोल्ट तीन. मशीनच्या पाठीला भोकं चार.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. अण्णांनी पाकिटावरचा नंबर वाचला, परत वाचला आणि वर, आमच्या खिडकीकडे पाहिलं.