केंटकीतला ड्राय डे

माझं नाक चष्मा टेकवण्यापुरतं आहे. सर्दी आणि मी सांगलीत एकत्रच लहानाचे मोठे झालो, आणि पुढंही ती मला सोडून कुठं गेली नाही. त्यामुळं खाण्यापिण्यातली माझी मतं जिभेपुरती, आणि त्यातलीही बरीचशी ऐकीव. व्हिस्कीबद्दल मात्र एक मत पक्कं आहे. तीत गार सोडा हवा, बर्फ हवा आणि बशीत कांदा-टोमॅटो घातलेले, लिंबू पिळलेले शेंगदाणे हवेत. शेंगदाणे चांगले असले तर बाटली कुठली हे मी विचारतसुद्धा नाही.

असल्या माणसाला केंटकीला नेऊन काय उपयोग, असं बायकोनं सांगून पाहिलं. पण माझे साडू सिनसिनाटीत राहतात. नदी ओलांडली की केंटकी. त्यांच्या तळघरात बाटल्यांचं कपाट आहे आणि त्या कपाटात देवघरात नाहीत इतके दिवे आहेत. कुठली बाटली कधी फोडली याची वही आहे. पाहुण्याला ते निमुळत्या तोंडाचा ग्लास देतात, तळ जेमतेम ओला होईल एवढी बोर्बन ओततात आणि तोंडाकडं बघत उभे राहतात. "काय जाणवतंय?" मला एवढंच जाणवतं, की आज सोडा मिळायचा नाही.

चौघांच्या बॅगा आणि परतीच्या बाटल्या मावाव्यात म्हणून मोठी गाडी भाड्यानं घेतली. ती मेव्हणी चालवणार, हे तिला न विचारता ठरलं. बायकोच्या पिशवीत चिवडा होता, आणि भारतातून खास आणलेले बोर्बन बिस्किटांचे पुडे. साडूंना बोर्बन फार आवडते हे तिनं फोनवर ऐकलं होतं, आणि आमच्या घरात बोर्बन म्हणजे मधे चॉकलेटचं क्रीम असलेलं बिस्कीट. साडूंनी पुडे हातात घेतले, थँक्यू म्हणाले आणि ते परत पिशवीत गेले.

नदी ओलांडताच साडू मागं वळून मला शिकवू लागले. बोर्बन अमेरिकेतच झाली पाहिजे. केंटकीतच असं मात्र नाही. तीत निदान 51 टक्के मका, बाकी राय किंवा गहू, आणि जवाचा माल्ट. पिंप ओकचं, कोरं, आतून जाळून काळं केलेलं. रंग आणि व्हॅनिलाचा गोडवा त्या जळक्या लाकडातून येतो, वरून रंग घालायला बंदी. आणि पिंप एकदाच वापरायचं. दुसऱ्या खेपेला त्यात जे मुरेल त्याला बोर्बन म्हणता येत नाही, कायदाच आहे.

"मग रिकामी पिंपं कुठं जातात, सांगा बघू?"

"कुंड्या करत असतील."

"स्कॉटलंडला! तुम्ही ज्या स्कॉचचं एवढं कौतुक करता ना साडूभाऊ, तिच्यातली बरीचशी आमच्या उष्ट्या पिंपांत वाढते."

माणूस मूळचा मिरजेचा. त्याच्या तोंडचं हे 'आमच्या' मला जरा लागलं. "शबरीची बोरंही उष्टीच होती," मी म्हटलं, "रामानं तक्रार केल्याचं ऐकलं नाही."

मेव्हणी हसली आणि हसण्याच्या नादात वळण चुकली. पुढची वीस मिनिटं साडू माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा थेट माझ्या नेहमीच्या बाटलीवर आले. आपल्याकडची स्वस्त व्हिस्की बहुतेक मळीच्या स्पिरिटवर होते, युरोपात तिला व्हिस्की या नावानं विकू देत नाहीत, मुळात ती रमची बहीण. हे कुणाला ऐकवत होते? ज्याच्या वडिलांचा ऊस जन्मभर सहकारी साखर कारखान्याला गेला, त्याला! म्हणजे मी इतकी वर्षं घरचंच पीत होतो. मला तर उलट अभिमान वाटला.

डिस्टिलरीच्या दारात एका मुलीनं माझ्याकडं ओळखपत्र मागितलं. तिथं एकवीस पूर्ण लागतात. डोक्यावरचे पांढरे केस पाहूनही तिला शंका आली, याचा आनंद मला दिवसभर पुरला. आत तीच मुलगी माहिती सांगत होती. 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचे आणि औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळायची. अशी औषधी व्हिस्की विकायचा परवाना सहाच कंपन्यांना होता. सगळे हसले. मी हसलो नाही. पाकिटातून माझा महाराष्ट्र शासनाचा आजीव मद्यपरवाना काढला आणि तिला समजावून सांगितलं, की 1949 चा मुंबईचा दारूबंदी कायदा आमच्याकडं अजून जागेवर आहे, व्हिस्कीला पंचविशी पूर्ण लागते आणि हा कागद मला प्रकृती राखण्यासाठी मिळालेला आहे. लोकांनी परवान्याचे फोटो काढले. साडू भिंतीवरची एक पाटी दोनदा वाचत उभे राहिले.

मग वास घेण्याचा कार्यक्रम झाला. कुणाला कॅरॅमल आलं, कुणाला पिकलेलं केळं, एका बाईंना आजोबांचं कपाट. माझी पाळी आल्यावर मी "व्हॅनिला" म्हटलं, कारण आधीचे दोघं तेच म्हणाले होते. मुलीनं मान डोलावली. मेव्हणीला गाडी चालवायची म्हणून तिच्या हाती पाण्याची बाटली दिली होती. बोर्बन भरलेलं चॉकलेट आलं तेही तिनं नवऱ्यापुढं सरकवलं. त्यानं ते खाल्लं.

बार्ड्सटाउन टुमदार आहे. तिथून पुढं लिंकनच्या जन्मस्थळी गेलो, तर तिथं 56 पायऱ्या आहेत, त्याच्या आयुष्यातल्या वर्षाला एक. तो शंभर वर्षं जगला नाही याचं जगाला वाईट वाटतं. माझ्या गुडघ्यांचं मत विचारू नका.

आणि मग टायर गेला.

तो असा गेला, की दोन्ही बाजूंना मका आणि मक्यापलीकडं सात-सात मजली काळी गोदामं. खिळा नव्हे, टायरच्या कुशीलाच फाटा पडलेला. स्टेपनी डिकीच्या तळाशी असणार, म्हणून आधी डिकी रिकामी केली. बॅगा रस्त्यावर ठेवल्या आणि बाटल्या फुटू नयेत म्हणून गवतावर ओळीनं मांडल्या. साडूंनी दिवसभरात किती घेतल्या होत्या ते मेव्हणीला त्या क्षणी कळलं. तळाचं झाकण उचललं तर आत स्टेपनी नव्हती. एक छोटा पंप, फेसाचा डबा आणि सूचनापत्र. सूचनापत्रात पहिलंच वाक्य: टायरच्या कुशीला फाटा असल्यास वापरू नये.

गाडीच्या कंपनीला फोन लावला. बासरी वाजली. बासरीनंतर एक बाई आल्या आणि त्यांनी जवळचा चौक विचारला. साडू म्हणाले, चौक नाही, मका आहे. त्यांनी पुन्हा बासरी लावली. तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबला. आतल्या टोपीवाल्यानं गवतावरच्या ओळीकडं पाहिलं, आमच्या चौघांकडं पाहिलं आणि विचारलं, डावीकडून तिसरी केवढ्याला? साडूंचा चेहरा पांढराफटक पडला. विनापरवाना दारूविक्री, तीही रस्त्यावर, तीही त्या चेहऱ्यानं! त्यांनी एका दमात इतकं स्पष्टीकरण दिलं, की तो बिचारा "बरं बरं" म्हणून निघून गेला. टायर बदलायला जमेल का, हे त्याला विचारायचं राहूनच गेलं.

बासरी थांबली. साडूंनी ऐकलं, फोन ठेवला आणि म्हणाले, "नाइंटी मिनिट्स." नाइंटी हा शब्द इतक्या दुःखानं उच्चारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

ऑगस्टचं ऊन होतं. केंटकीत माणसं पंचेचाळीस लाखांच्या आसपास आणि मुरत पडलेली पिंपं एक कोटीच्या वर, म्हणजे तान्ह्या बाळांसकट माणशी दोन तरी. आमच्या वाट्याची आठ पिंपं समोर भिंतीआड होती. गवतावर बाटल्या होत्या आणि आम्हाला एक थेंब प्यायची सोय नव्हती. मी नुसतं एका बुचाकडं पाहिलं, तर मेव्हणी म्हणाली, "दाजी, इथं उघड्यावर बाटली फोडली की पोलीस नेतात. आधीच बाई मला लोकेशन विचारतेय, तिला मी जेल सांगू?" सांगलीत दोन ऑक्टोबरलासुद्धा मी इतका कोरडा बसलेलो नाही.

गोदामं काळी का, तर बुरशीनं. पिंपातली दारू दरवर्षी थोडी लाकडातून उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि त्या वाफेवर ही काळी बुरशी पोसते. भिंती, झाडं, पाट्या, काही सोडत नाही. डिस्टिलऱ्यांच्या शेजाऱ्यांनी यावरून कोर्टकचेऱ्या केल्यात. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला दोनेक टक्के उडते, आपल्या बंगळुरूत दहाच्याही वर. साडू हे सांगत होते आणि मला एकदम काहीतरी झालं. नाक उघडलं. दिवस कलला होता, भिंती तापलेल्या होत्या आणि वाऱ्याबरोबर गोड, जड, किंचित करपलेलं असं काही आलं. गुऱ्हाळावर काहील उतरवताना यायचा तसा वास.

"गूळ," मी म्हटलं.

साडूंनी वही काढली नाही. गाडीला टेकून उभे राहिले.

"नाना हेच म्हणायचे," ते म्हणाले. नाना म्हणजे त्यांचे वडील, एसटीत कंडक्टर होते. साडू दर खेपेला त्यांच्यासाठी चांगली बोर्बन न्यायचे, रांगेत उभं राहून मिळवलेली. नाना ती स्टीलच्या पेल्यात ओतायचे, वरपर्यंत पाणी भरायचे, एक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, गुळाचा काढा आहे रे, खोकल्याला बरा. मग कपाटातली आपली नेहमीची काढायचे. "मी चिडायचो. एकदा तर तो पेला हातातून काढून घेतला त्यांच्या. करोनात गेले. विमानं बंद. फोनवर पाहिलं सगळं. शेवटची नेलेली बाटली अजून मिरजेत आहे, बूचसुद्धा काढलेलं नाही."

कुणी काही बोललं नाही. बायकोनं पिशवीतून बोर्बनचा पुडा काढून फोडला आणि साडूंपुढं धरला. त्यांनी एक घेतलं. मग क्रीमची बाजू वेगळी करून आधी ती खाल्ली. पुडा तिथंच संपला, आणि दुसराही.

टोचन गाडी आली तेव्हा अंधारलं होतं. चालक तिथलाच, म्हणाला, माझे काका या गोदामांत पिंपं ढकलायचे. साडूंना पुन्हा तरतरी आली. अस्सल माणूस भेटला होता. पुढं वाकून त्यांनी विचारलं, तुम्ही कशी घेता? नुसती? की दोन थेंब पाणी घालून?

"कोकमधे," तो म्हणाला. "बर्फ भरपूर."

मोटेलपर्यंत साडू गप्प होते. मी सभ्यपणानं खिडकीबाहेर बघत होतो, पण बायकोनं मला दोनदा कोपर मारलं, म्हणजे चेहऱ्यावर दिसत असावं.

सोडा तिथंही नव्हता. बर्फाचं यंत्र मात्र व्हरांड्यातच होतं. मी बादली भरून आणली, बायकोनं चिवडा परातीएवढ्या कागदावर ओतला आणि साडूंनी सगळ्यांत महाग बाटली फोडली. माझ्या ग्लासात त्यांनी स्वतःच्या हातानं बर्फ टाकला, दोन खडे, तिसरा मी टाकला. मेव्हणी चपला काढून पलंगावर मांडी घालून बसली होती.

"मलापण दे. आज आता गाडी चालवायची नाहीये मला."

साडू उठून उभे राहिले. निमुळता ग्लास पुसला, दिव्यापुढं धरून पाहिला.

"कशी देऊ तुला? नुसती, की दोन थेंब पाणी?"

"भरून," ती म्हणाली.