नगरच्या समस्त बोर्डवाल्यांस



फ्लेक्सवाले, रेडियम कटिंगवाले आणि अजून ब्रश खाली न ठेवलेले पेंटर, अशा तुम्हा सर्वांना हे पत्र. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आणि पाट्या बदलायचे काम तुमच्याकडे आले. (तोंडाने आपण सगळे अजून ‘नगर’च म्हणतो, ते सोडा.) या धांदलीत इंग्रजी ‘एस’च्या शेजारी टांगल्या जाणाऱ्या त्या स्वल्पविरामाबद्दल, म्हणजे ॲपोस्ट्रॉफीबद्दल, थोडे लिहावे म्हटले.

आधी अभिनंदन. सावेडीपासून शिर्डीच्या रस्त्यापर्यंत हे चिन्ह तुम्ही सढळ हाताने वाटले आहे. “रूम’स अव्हेलेबल” काय, “टायर’स” काय, “कूलर’स” काय! इंग्रजीत हे चिन्ह म्हणजे सातबारा. ज्या नावाला ते लागते तो मालक, पुढे येते ती मालमत्ता. नुसते अनेकवचन हवे असेल तर एकटा एस पुरतो, उताऱ्याची गरज नाही. तुम्ही मात्र रूमच्या नावे उतारा काढून ठेवलात आणि गट नंबरच्या जागी लिहिलेत ‘अव्हेलेबल’. रूम मालक झाली, जमीन कुठे आहे?

नियम सोपा आहे असे मी म्हणणार नाही. ‘लेडीज टेलर’ घ्या. बाई एक असेल तर स्पेलिंग वेगळे आणि चिन्ह एसच्या आधी. बायका अनेक असतील तर चिन्ह एसच्या नंतर. म्हणजे ऑर्डर घेताना टेलरला विचारा, “गिऱ्हाईक किती?” शेजारचे ‘मेन्स वेअर’ आणखी त्रासाचे. ‘मेन’ आधीच अनेकवचन, त्यामुळे माणसे कितीही असली तरी चिन्ह एसच्या आधीच. आणि ‘इट’ या सर्वनामाची मालकी दाखवायची तर चिन्ह लावायचेच नाही. लावले तर अर्थ ‘ते आहे’ असा होतो. असला फेरफार आमच्या तलाठ्यांनाही सुचला नसता.

तरी तुमची बाजूही समजते. १९४४ साली इथल्याच भुईकोट किल्ल्यात कैदेत बसून नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा जाडजूड ग्रंथ इंग्रजीत लिहिला. पण त्यांना चौरस फुटाच्या दराने छापायचे नव्हते, आणि संध्याकाळी पाचला उद्घाटनही नव्हते. शिवाय रेडियमचा तो एवढासा तुकडा पहिल्याच उन्हाळ्यात सुटून पडतो, ही अडचण पंडितजींना कुठून कळणार?

साहेबांच्या देशातही फार वेगळे नाही. तिथल्या भाजीवाल्यांनी बटाट्या-टोमॅटोंच्या अनेकवचनांवर हे चिन्ह इतके उधळले की त्या चुकीला भाजीवाल्यांचेच नाव पडले. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने २००१ मध्ये ॲपोस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि २०१९ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, हात टेकून ती बंद केली. बर्मिंगहॅमच्या पालिकेने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर हे चिन्ह लावणे रीतसर सोडून दिले. आणि ज्या अमेरिकेतून १८३१ मध्ये मिशनरी नगरला आले, शाळा काढून बसले, त्या देशाचे भौगोलिक नावांचे मंडळ १८९०पासून गावा-डोंगरांच्या नावांतून मालकीचे चिन्ह वगळत आले आहे. अपवाद मोजकेच. आता बोला!

तुमची खरी सुटका मात्र आपल्या सरकारने केली, तीही नकळत. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीने लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना देवनागरी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, असेही ठरले. देवनागरीत ‘मेन्स वेअर’ लिहा, ‘लेडीज टेलर’ लिहा. चिन्हाला जागाच नाही, चुकणार कुठे? तरी तुमच्यातल्या काही उत्साही मंडळींनी देवनागरीतही “पाटील’स” करून दाखवले. मेजर कँडींनी मराठीत विरामचिन्हे रुजवली, त्यांनाही स्वल्पविराम असा वर टांगावासा वाटला नव्हता. ‘पाटलांचे’ लिहिले असते तर काम भागले असते. पण सामान्यरूप करायचे म्हणजे पाटलांच्या नावाला हात लावायचा, आणि पाटलांना ते चालेल की नाही कोण जाणे! म्हणून हल्ली ‘पाटील यांचे’ लिहितात. ॲपोस्ट्रॉफी परवडली.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाटसरू

ता. क. : साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स इंग्रजीत छापायची वेळ आलीच तर जपून. साहेब एकच असले तरी आपल्याकडे ते आदरार्थी अनेकवचनी असतात. चिन्ह एसच्या आधी दिले तर साहेब एकटे पडतात. नंतर दिले तर साहेब अनेक होतात. जिल्ह्याचे राजकारण पाहता आगाऊ पैसे घेतल्याशिवाय यातले काहीही छापू नये.